गोळे कॉलनीची यात्रा

नाशिक क्षेत्रीं येणाऱ्या माणसाचे जुन्या काळीं बहुधा दोनच हेतु असत. एक तर गंगेवर स्नान करून पंचवटींत देवदर्शन घ्यावयाचें, किंवा गत आप्ताच्या अस्थि रामकुंडांत सोडून त्याचें श्राद्धकर्म उरकावयाचें. पहिला हेतु पुण्याचा व दुसरा ऋणाचा. अलीकडे या दोहोंत तिसऱ्याची भर पडली आहे. सकाळच्या गाड्यांतून मध्यवर्ती बसस्थानकावर उतरणारी वृद्ध मंडळी पाहावी. निम्म्यांच्या हातांत गंगाजळाच्या गडूऐवजीं कापडी पिशवी असते आणि पिशवींत क्ष-किरणांच्या चित्राचें मोठें पाकीट, रक्ततपासणीचे कागद व औषधांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या. हे यात्रेकरू गंगेकडे वळत नाहींत. त्यांचें क्षेत्र निराळें. त्या क्षेत्राचें वर्णन आमच्या वाचनांतल्या कोणत्याहि स्थलमाहात्म्यांत आलेलें नाहीं, म्हणून तें येथें करण्याचें योजिलें आहे.

आम्ही सिन्नरचे. सिन्नर ते नाशिक हें अंतर तीस किलोमीटरांच्या आंतबाहेर. पुणें रस्त्यानें नाशिकरोडवरून तासाभराचा प्रवास. बरोबर आमचे वडील बंधु व वहिनी होत्या. दादांचें वय ७४, वहिनींचें ६९ व आमचें ६६. पासष्टी ओलांडलेल्यांस राज्य परिवहनाच्या गाडींत अर्धें तिकीट पडतें. २०२३ च्या मार्चपासून सर्व स्त्रियांसहि तीच सवलत मिळाली. आणि पंचाहत्तरी गांठलेल्यांस तर २०२२ पासून प्रवास फुकटच आहे. दादा वाहकाला म्हणाले, "एक वर्ष दम धरला असता तर एवढेहि पैसे पडले नसते." दादांनीं सारा जन्म भिक्षुकींत काढला. निवृत्तिवेतन नाहीं, पण काटकसर मात्र हाडीं खिळलेली.

प्रवासाचें कारण असें. दादांचा मुलगा पुण्यास नोकरीला असतो. आईवडिलांचा आरोग्यविमा उतरावा असें त्यानें ठरविलें व एका खाजगी कंपनीचा अर्ज भरून आमच्याकडे पाठविला. हप्ता वर्षाला ऐंशी हजारांच्या घरांत. "काका, तुम्ही एकदां अटी वाचून पाहा, मग सही घेतों," एवढेंच त्याचें मागणें होतें. इकडे दादांच्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या व हृदयाच्या गोळ्यांना महिन्याला ३,२०० रुपये लागत. घरांतील सर्वांची समजूत अशी कीं, एवढा हप्ता भरल्यावर निदान या गोळ्यांचा भार तरी उतरेल. अर्ज वाचल्यावर तसें लिहिलेलें कोठेंच आढळलें नाहीं. म्हणून चौकशी करण्यास आम्ही निघालों.

विमा हा शब्द फारसी वळणाचा. फारसींत ‘बीम’ म्हणजे भय. आपल्या संस्कृतांत त्या कल्पनेच्या जवळ जाणारा शब्द योगक्षेम. न मिळालेलें मिळविणें हा योग आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. आयुर्विमा महामंडळानें मुंबईच्या आपल्या मुख्य कचेरीस ‘योगक्षेम’ हेंच नांव दिलें आहे. ही फोड येथें मुद्दाम केली. कारण वृद्धाच्या औषधोपचाराचेहि असेच दोन भाग पडतात. रोज सकाळीं गोळी हातीं पडली पाहिजे, हा योग; अकस्मात् रुग्णालयांत जाण्याची पाळी आली तर घर बुडूं नये, हा क्षेम. आपल्याकडील आरोग्यविमा, १९८६ सालीं सरकारी कंपन्यांनीं ‘मेडिक्लेम’ या नांवानें तो सुरू केला तेव्हांपासून, मुख्यतः क्षेमाचा आहे. रुग्णालयांत दाखल झालें तर खर्च मिळतो. मोतीबिंदूसारख्या एका दिवसांत उरकणाऱ्या शस्त्रक्रियांचाहि मिळतो. घरीं बसून घेतलेल्या गोळ्यांचा सहसा मिळत नाहीं. दाखल होण्यापूर्वींचे तीस दिवस व घरीं परतल्यानंतरचे साठ दिवस, एवढ्या अवधींतील त्याच आजाराच्या औषधांचा खर्च बहुतेक कंपन्या देतात. कांहीं याहून अधिक दिवस देतात. पुढें जन्मभर चालणाऱ्या गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशाला. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणें २०२१-२२ सालीं देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकीं ३९.४ टक्के भाग लोकांनीं थेट पदरचा दिला. तो पदर कोठें मोकळा होतो हें पाहावयाचें असेल तर नाशकांत गोळे कॉलनीस जावें.

महात्मा गांधी रस्ता, मेहेर चौक आणि अशोकस्तंभ यांच्या आसमंतांत ही वस्ती आहे. नांवावरून शांत बंगल्यांची आळी डोळ्यांपुढें येते. प्रत्यक्षांत ती नाशिक जिल्ह्याची औषधांची पेठ आहे. सराफ बाजारांत जशीं सोन्याचींच दुकानें, तशीं येथें औषधांचीं. घाऊक व्यापाऱ्यांच्या दारांत खोक्यांच्या उतरंडी लागलेल्या. तालुक्यांच्या गांवांचीं नांवें खडूनें वा शाईनें लिहिलेलीं. दुचाकीवर दोन्ही बाजूंनीं पिशव्या लोंबकळवून पोरें धांवत आहेत. येवला, निफाड, दिंडोरी, कळवण. आपापल्या गांवच्या दुकानांतून आपण जी पट्टी घेतों ती पुष्कळदां येथूनच गेलेली असते. नाशिकच्या भेळभत्त्याचा वास नाहीं, फुलांचा नाहीं. कागदी खोक्यांचा व औषधाचा मिळून एक कोरडा वास तेथें भरून राहिलेला असतो.

एका किरकोळ दुकानाचे वयस्क मालक आमच्या ओळखीचे निघाले. त्यांचा मुलगा आमच्या वर्गांत होता. त्यांनीं आदरानें बाकावर बसविलें, औषधचिठ्ठी पाहिली, वहिनींच्या पिशवींतील जुनें बिल व उरलेल्या पट्ट्या पाहिल्या आणि क्षणभर थांबून म्हणाले, "गुरुजी, हें बिल सवा महिन्यापूर्वींचें. औषध तीस दिवसांचें. मग या बारा गोळ्या उरल्या कशा?"

कोणीच बोलेना. शेवटीं दादाच म्हणाले, "एक दिवसाआड घेतली तरी चालतें. प्रकृति ठीक आहे."

"बाबा, रक्तदाब कांहीं एक दिवसाआड चढत नाहीं," दुकानदार म्हणाले.

वहिनी खालीं पाहून हळूच म्हणाल्या, "मी रोज मोजीत होतें. बोललें नाहीं, इतकेंच."

त्या एका वाक्यानें प्रश्नाचें स्वरूप पालटलें. मुलगा ऐंशी हजारांचा हप्ता भरण्यास सिद्ध होता, आणि बाप बत्तीसशें वांचविण्यासाठीं गोळ्या अर्ध्यावर आणीत होता. ज्या रोगासाठीं विमा उतरावयाचा, तो रोग घरांतच पोसला जात होता. क्षेमाची चिंता सर्वांना. योगाची कोणालाच नाहीं. आमची अशी खात्री आहे कीं ही कथा एकट्या आमच्या घरची नव्हे. सुनांना व मुलांना खर्चांत घालूं नये म्हणून गोळी चुकविणारे वृद्ध पुष्कळ घरांत निघतील. ते तक्रार करीत नाहींत, म्हणून तें कळत नाहीं.

दुकानदारांनीं मग उपाय सांगितला, तो व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकून आम्हांस कौतुक वाटलें. कारण त्यांत त्यांचेंच गिऱ्हाईक जाणार होतें. प्रत्येक औषधाला दोन नांवें असतात: एक द्रव्याचें व एक कंपनीनें ठेवलेलें. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन हीं द्रव्यांचीं नांवें. कंपन्यांचीं नांवें शेंकडों व किंमतीहि निरनिराळ्या. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादींतील द्रव्यांच्या कमाल किंमती सरकारी प्राधिकरण २०१३ च्या आदेशान्वयें ठरवून देतें. पण त्या मर्यादेखालींहि स्वस्त-महाग असा भेद उरतोच. केवळ द्रव्याच्या नांवानें औषधें विकणारीं जनऔषधि केंद्रें २००८ पासून निघालीं. तेथील भाव नामांकित औषधांहून ५० ते ८० टक्के कमी असल्याचें सरकार सांगतें. २०२३ च्या नोव्हेंबरांत त्यांची संख्या दहा हजारांवर गेली, आणि नाशकांतहि तीं आहेत. "मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बदलूं नका," असें दुकानदारांनीं दोनदां बजाविलें.

त्याप्रमाणें दादांच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं चिठ्ठीवर द्रव्यांचीं नांवें ठळक अक्षरांत लिहिलीं, एक गोळी अनावश्यक म्हणून काढून टाकली, आणि नवीं औषधें सुरू केल्यावर पंधरा दिवसांनीं रक्तदाब व साखर तपासून दाखविण्यास सांगितलें. जनऔषधि केंद्रांत महिन्याची बेरीज ११०० रुपये झाली. म्हणजे महिना २१०० व वर्षास २५,२०० रुपये वांचले, आणि तेंहि विम्याचा एक पैसा न भरतां.

योगाची व्यवस्था लागली, आतां क्षेम. त्यासाठीं त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयांत गेलों. २०२४ सालीं २९ ऑक्टोबर रोजीं, धन्वंतरीच्या त्रयोदशीस, केंद्र सरकारनें आयुष्मान भारत योजनेंत सत्तर वर्षें व त्यावरील सर्व नागरिकांचा समावेश केला. उत्पन्नाची अट ठेवली नाहीं. त्या पत्रिकेस ‘वयवंदना’ असें सुंदर नांव आहे. वर्षाला पांच लाखांपर्यंतचे उपचार. ही रक्कम घरांतील सत्तरीपुढील सर्व व्यक्तींत मिळून असते. जुन्या दुखण्यांना पहिल्या दिवसापासून संरक्षण. दाखल होण्यापूर्वींचे तीन व घरीं आल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील औषधेंहि त्यांत येतात. रोजच्या गोळ्या मात्र येथेंहि नाहींत. आधारपत्र व भ्रमणध्वनि एवढ्या सामग्रीवर दादांची पत्रिका झाली. निवृत्त केंद्रीय नोकरांच्या किंवा माजी सैनिकांच्या योजनेंत जे आहेत त्यांनीं आपली जुनी योजना अथवा ही, यांपैकीं एकच निवडावयाची असते. खाजगी विमा असणाऱ्यास मात्र दोन्ही ठेवतां येतात.

वहिनी सत्तरीच्या एक वर्ष अलीकडे. त्यांच्यासाठीं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. ही प्रथम २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत निघाली, व २०१३ च्या नोव्हेंबरांत नाशिकसह उर्वरित महाराष्ट्रांत आली. पूर्वीं ती ठराविक शिधापत्रिकांपुरती होती; २०२३ च्या जुलैंतील शासननिर्णयानें शुभ्र पत्रिकाधारकांनाहि घेण्यांत आलें, आणि दीड लाखाची मर्यादा पांच लाख झाली. आपल्यांतील पुष्कळ मंडळींची अशी समजूत असते कीं सरकारी योजना गरिबांच्या. आपला त्यांच्याशीं काय संबंध? ही समजूत आतां सोडावी. यादींतील रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ म्हणून एक सेवक बसतो. कोणता उपचार योजनेंत आहे हें त्याला विचारावें. सगळींच रुग्णालयें यादींत नसतात व सगळे उपचारहि नसतात. म्हणून ज्या रुग्णालयावर आपला भरंवसा तें यादींत आहे कीं नाहीं, हें प्रकृति धड असतांनाच पाहून ठेवावें.

रोजचीं औषधें देणाऱ्या योजना नाहींतच असें नव्हे. नाशिकच्याच पंचक्रोशींत त्या दिसतात. देवळालीचा तोफखाना प्रसिद्ध आहे. तेथून निवृत्त झालेल्या सैनिकांस २००३ पासून चाललेल्या माजी सैनिक योजनेच्या दवाखान्यांतून नेहमींचीं औषधें मिळतात. सातपूरच्या कारखान्यांतील कामगारांस राज्य विमा योजना आहे. निदान पांच वर्षें विमाधारक राहून नियत वयोमानानें निवृत्त झालेल्यास वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःस व पत्नीस ती चालू ठेवतां येते, आणि तींत दवाखान्यांतलीं औषधेंहि येतात. हा हक्क असून अनेकांस तो ठाऊक नसतो. ज्यांच्या घरीं असा निवृत्त कामगार असेल त्यांनीं आजच चौकशी करावी.

दूर अमेरिकेंत पासष्टीपुढील नागरिकांसाठीं १९६५ पासून सरकारी आरोग्यविमा आहे. पण तेथेंहि रोजच्या औषधांचा विमा २००६ सालींच सुरू झाला, म्हणजे योग क्षेमाच्या मागून चाळीस वर्षांनीं आला. तेथील वृद्ध दरवर्षीं १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या अवधींत आपल्या औषधांची यादी समोर घेऊन बसतात आणि ज्या कंपनीच्या यादींत आपल्या गोळ्या आहेत ती निवडतात. त्या यादीस आम्ही निघंटु म्हणूं. वैद्यकांतला तो जुनाच शब्द आहे. २०२५ पासून तेथें अशा औषधांवरील पदरच्या वार्षिक खर्चाला २००० डॉलरांची मर्यादा घातली गेली; पुढें ती दरसाल थोडी बदलते. आपल्याकडे अशी व्यवस्था नाहीं. पण आधीं औषधांची यादी व मग विमा, हा क्रम घेण्यासारखा आहे.

तिसऱ्या प्रहरीं विम्याच्या एका कचेरींत गेलों. तेथील तरुण प्रतिनिधि सुशील होता. बाह्यरुग्ण उपचार व औषधें यांसाठीं निराळी पुरवणी मिळते, असें त्यानें सांगितलें. पुरवणीचा वाढीव हप्ता व तिची वार्षिक मर्यादा यांची वजाबाकी तेथल्या तेथें केली. हातीं फारसें कांहीं उरत नव्हतें. मात्र कांहीं गोष्टी वृद्धांच्या हिताच्या झाल्या आहेत, त्या नमूद करणें न्याय्य होय. नवा विमा घेण्यास पासष्ट वर्षांची मर्यादा होती, ती २०२४ च्या एप्रिलपासून उठली. जुन्या दुखण्यांसाठीं थांबण्याचा काळ चार वर्षांवरून जास्तींत जास्त तीन वर्षांवर आला. सलग पांच वर्षें हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या सबबीवर कंपनीला मागणी नाकारतां येत नाहीं. २०२५ च्या जानेवारीपासून साठीपुढील विमेदारांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढविण्यापूर्वीं नियामकाचा विचार घ्यावा लागतो. आणि २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के कर शून्य झाला. कागद हातीं आल्यावर तीस दिवसांत अटी पटल्या नाहींत तर विमा परत करतां येतो. तंटा पडल्यास महाराष्ट्राच्या या भागासाठीं विमा लोकपाल पुण्यास बसतात.

त्या रात्रीं घरीं सर्वांनीं बसून निर्णय केला. पुतण्या दूरध्वनीवर होता. दादांसाठीं वयवंदना, वहिनींसाठीं राज्याची योजना व पुढील वर्षीं वयवंदना. ऐंशी हजारांचा विमा घ्यावयाचा नाहीं. त्यांतील निम्मी रक्कम पुतण्यानें योजनांबाहेरच्या खर्चासाठीं बँकेंत ठेवावयाची. आमच्यासाठीं व आमच्या कुटुंबासाठीं एक माफक खाजगी विमा घेतला. तिच्या रक्तदाबाचा उल्लेख अर्जांत स्पष्ट केला, व वीस टक्के वाटा आपण भरण्याची अट समजून उमजून मान्य केली. आणि शेवटची गोष्ट: घरांतील प्रत्येक मिळवत्यानें महिन्याच्या पहिल्या तारखेस औषधनिधींत पैसे टाकावयाचे, त्यांतून सर्व वृद्धांचीं औषधें येतील. कोणाची गोळी कोणाच्या पैशानें आली हें कोणीं विचारूं नये. पुतण्या म्हणाला, "काका, बाबा ऐकतील का?" दादा पलीकडून म्हणाले, "निधि घराचा म्हणतां ना? मग ऐकतों."

वाचकांस आमची विनंति एवढीच. विम्याचा अर्ज भरण्यापूर्वीं घरांतील वडिलधाऱ्यांच्या औषधांची यादी करावी: द्रव्याचें नांव, दिवसांतून किती वेळां, महिन्याचा खर्च. मग कोणती सरकारी योजना आपल्यास लागू आहे तें पाहावें. मग खाजगी विमा. आणि त्यांत आजार लपवूं नयेत, थांबण्याचा काळ, खोलीभाड्याची मर्यादा व आपला वाटा हीं तीन कलमें मोठ्यानें वाचावींत. या साऱ्याच्या आधीं मात्र एक काम आहे, त्याला कागद लागत नाहीं. डब्यांतील पट्ट्या बाहेर काढून मोजाव्या. दिवसांपेक्षां गोळ्या अधिक उरल्या असतील तर रागावूं नये. जवळ बसून विचारावें.

जातां जातां क्षेत्रवर्णन पुरें करतों. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून सायंकाळीं गंगेवर गेलों. वहिनींनीं पाण्यांत दिवा सोडला. दादांनीं संध्येचें आचमन केलें, पिशवींतून नवी पट्टी काढली, आणि रामकुंडाच्या पायरीवर बसून त्या दिवसाची गोळी घेतली. अस्तु.